गिन्नी, बँकेचं नाणं की सराफाचं? सोन्याच्या नाण्यांत पैसे घालण्यापूर्वी

प्रश्न फोंड्याहून एका ताईंचा आहे. यजमान बोटीवर नोकरीला. सासूबाईंनी त्यांना तीन गिन्न्या दिल्या आहेत. त्यातल्या एकीवर १९१८ साल आहे आणि तिला माळेत ओवायची कडी लावलेली आहे. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की १९१८ ची गिन्नी लाखमोलाची असते, कुणाला दाखवूही नका. शिवाय घरात पाचेक लाख रुपये साठले आहेत, ते सोन्याच्या नाण्यांत घालायचे आहेत. नाणी बँकेतून घ्यावीत, सराफाकडून घ्यावीत, की यजमानांनी येताना दुबईहून आणावीत, असा त्यांचा प्रश्न आहे.

म्हापशात आमची सराफी आहे आणि नाणी पारखणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सोन्याच्या नाण्याला दोन वेगळ्या किमती असतात. एक त्यातल्या सोन्याची, दुसरी ते नाणं म्हणून कुणाला तरी हवं असण्याची. पहिली रोज सकाळी भावाबरोबर कळते. दुसरी गिऱ्हाईक समोर उभं राहील तेव्हाच कळते. लोकांचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा पहिल्या किमतीचं नाणं दुसऱ्या किमतीला घेतल्यामुळे. म्हणून तुमच्या तीन गिन्न्या आणि तुमचे पाच लाख हे दोन वेगळे विषय आहेत. त्यांचा हिशेब एकत्र करू नका.

आधी गिन्न्या. आपण गिन्नी म्हणतो ते ब्रिटिश सोव्हरिन. हल्लीच्या रूपात ती १८१७ पासून पाडली जाते, आणि घोड्यावर बसून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज हे पिस्त्रुच्ची या इटालियन कारागिराचं चित्रही तेव्हापासूनचं. वजन ७.९८८ ग्रॅम, कस २२ कॅरट, म्हणजे आत चोख सोनं ७.३२ ग्रॅम. व्यास २२ मिलिमीटरच्या किंचित वर. ही मापं शंभर-दीडशे वर्षांत बदललेली नाहीत, आणि गिन्नीवर जगभर विश्वास बसला तो यामुळेच. आफ्रिकेत, आखातात नोकऱ्या केलेल्यांच्या घरांतून गोव्यात गिन्न्या पुष्कळ आल्या आहेत.

आता १९१८ ची. भिंग घ्या आणि घोड्याच्या पायाखालची जमिनीची पट्टी पाहा. सालाच्या बरोबर वर, पट्टीच्या मधोमध इंग्रजी आय हे बारीक अक्षर असेल तर ती मुंबईच्या टांकसाळीत पडलेली आहे. पहिल्या महायुद्धात सोनं बोटीने इंग्लंडला नेणं धोक्याचं झालं, म्हणून मुंबईत ब्रिटिश टांकसाळीची शाखा उघडली आणि १९१८ सालची गिन्नी तिथे पाडली. त्याच जागी पी असेल तर पर्थ, एम असेल तर मेलबर्न, एस असेल तर सिडनी. मुंबईची गिन्नी आपल्या मातीत पडलेली म्हणून मला स्वतःला फार आवडते. पण ती दुर्मीळ नाही. सुमारे १३ लाख पाडल्या होत्या. चांगल्या स्थितीतल्या मुंबईच्या गिन्नीला संग्राहक सोन्याच्या भावावर थोडी रक्कम जास्त देतो. लाखमोलाची वगैरे ती नाही.

शिवाय तुमच्या गिन्नीला कडी आहे. कडी लावताना डाख वितळवावा लागतो, त्यात नाण्याची कड आणि अक्षरं थोडी तरी बिघडतात. अशी गिन्नी संग्राहकाच्या दृष्टीने संपली, ती फक्त सोन्याच्या वजनाने मोजायची. कडी काढून, घासून, पॉलिश करून ती पुन्हा नाणं होत नाही, उलट सोनं झिजतं. आहे तशी माळेत ठेवा. सासूबाईंनी दिलेली आहे, ती गळ्यातच शोभेल. उरलेल्या दोन मात्र रुमालाने पुसूसुद्धा नका. कडेने धरून एक-एक वेगळ्या डबीत ठेवा. वजन ७.९४ ग्रॅमच्या खाली भरलं तर झीज जास्त झाली आहे असं समजा.

एकीवर सेंट जॉर्जऐवजी १५ रुपये असं लिहिलेलं आहे का, तेही पाहा. १९१८ लाच मुंबईत १५ रुपयांची सोन्याची मोहोर निघाली होती. वजन आणि कस गिन्नीइतकाच, पण संग्राहक तिला गिन्नीपेक्षा जास्त विचारतात.

आणखी एक, आणि हे यजमानांना आजच सांगा. शंभर वर्षांहून जुनं नाणं भारतीय कायद्याने पुरावस्तू ठरतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ते तुम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. दुबईत जास्त भाव मिळेल म्हणून १९१८ ची गिन्नी खिशात घालून दाबोळी किंवा मोपा विमानतळावर जाऊ नका. घरात ठेवायला, देशात विकायला काही अडचण नाही.

आता पाच लाखांकडे येऊ. इथे भावना बाजूला ठेवा आणि प्रत्येक विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: एक ग्रॅम चोख सोनं मला एकूण कितीला पडतंय, आणि उद्या आणलं तर तुम्ही कितीला परत घ्याल? हिशेब सोपा व्हावा म्हणून २४ कॅरटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. १० ग्रॅमच्या नाण्यात सोनं १ लाखाचं. घडणावळ समजा २ टक्के, म्हणजे १,०२,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी, झाले १,०५,०६०. तेच नाणं दुसऱ्या दिवशी मोडायला नेलं आणि सराफाने दीड टक्का कापला, तर हातात ९८,५००. म्हणजे भाव साडेसहा टक्क्यांहून जास्त चढेपर्यंत तुम्ही तोट्यात. एक ग्रॅमच्या नाण्याला घडणावळ १० टक्के लावली, तर ११,३३० रुपये मोजून तुम्ही १०,००० चं सोनं घरी आणता. म्हणून दर महिन्याला एक-एक ग्रॅमचं नाणं घेण्यापेक्षा पैसे साठवून ५ किंवा १० ग्रॅमचं घ्या. ५० ग्रॅमचं घेऊ नका, कारण गरज ४० हजारांची असताना तुकडा मोडता येत नाही. पाच लाखांत १० आणि ५ ग्रॅमची मिळून नाणी घेतली की विकताना मोकळीक राहते.

गिन्नीलाही हाच हिशेब लावा. वरच्या भावाने तिच्यातलं सोनं ७३,२०० चं. कुणी ८१,००० मागितले तर जवळजवळ ११ टक्के जास्त मागतोय. आठ ग्रॅम गुणिले २४ कॅरटचा भाव, असा हिशेब कागदावर मांडून दाखवणारेही भेटतात. २२ कॅरटच्या नाण्याला २४ चा भाव लावला की सरळ नऊ टक्क्यांच्या आसपास जास्त जातात.

बँकेच्या नाण्याबद्दल लोकांना फार आपुलकी असते. बँक म्हणजे खात्रीचं, आणि शुद्धतेपुरतं ते खरंही आहे. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे बँक स्वतः विकलेलं नाणं परत विकत घेत नाही. मोडायला तुम्ही शेवटी सराफाकडेच येणार, आणि बँकेने लावलेली वरची रक्कम तिथे कुणी देत नाही. बँकेच्या नाण्याचा एक खरा फायदा कर्जाचा आहे. बँकांनी विकलेल्या खास पाडलेल्या नाण्यांवर तारणकर्ज मिळतं, तेही ५० ग्रॅमपर्यंत. बिस्किटावर किंवा लगडीवर मिळत नाही. बोटीची नोकरी करारावर असते, दोन करारांच्या मध्ये पैशांची ओढाताण होऊ शकते. तसं असेल तर थोडं सोनं या रूपात असणं उपयोगाचं.

सराफाकडे घेताना एक बारकावा फार कमी लोकांना माहीत असतो. दागिन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांकाचा हॉलमार्क सक्तीचा आहे, पण नाणी, लगडी त्या सक्तीतून वगळलेली आहेत. म्हणजे पेढीने स्वतःच्या नावाचा छाप मारून दिलेलं नाणं कायदेशीर असलं तरी त्याच्यामागे शब्द त्या पेढीचाच. ती पेढी विश्वासाची असेल तर मी काही म्हणणार नाही, आमची पेढीही त्याच विश्वासावर चालते. पण दुसऱ्या गावात तेच नाणं मोडायला गेलात तर वितळवून, कस लावून मगच भाव मिळेल. त्यापेक्षा नामांकित रिफायनरीचं, बंद कार्डातलं, क्रमांक आणि ९९९ किंवा ९९९.९ शुद्धता छापलेलं नाणं घ्या. एमएमटीसी-पॅम्प या कंपनीची नाणी घ्यायला मला संकोच वाटत नाही, त्यांची रिफायनरी लंडनच्या सराफ बाजाराच्या मान्यतेची आहे. ब्रिटिश टांकसाळीच्या परवान्याने २०१३ मध्ये नव्या गिन्न्याही त्यांनी भारतात पाडल्या, त्यांवरही तेच आय अक्षर आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात आलेलं सरकारचं भारतीय सुवर्ण नाणं, एका बाजूला अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूला गांधीजी, तेही हॉलमार्कसह येतं. मिळालं तर निर्धास्त घ्या. बिलावर ९९५ लिहिलंय की ९९९, तेही पाहा. पाच लाखांवर तो फरक दोन हजारांचा असतो.

दसरा, धनत्रयोदशी, अक्षयतृतीयेला घ्यायची परंपरा मीही घरी पाळतो. त्या दिवशी एक वेढणी घ्यावी, देवापुढे ठेवावी. मोठी खरेदी आडवारी करा. सणाच्या गर्दीत बिल नीट वाचलं जात नाही, वजन नीट पाहिलं जात नाही, आणि दुकानदारालाही दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला वेळ नसतो.

दक्षिण आफ्रिकेचं क्रूगररँड, कॅनडाचं मेपल लीफ, अमेरिकेचा ईगल ही जगभर चालणारी नाणी आहेत. क्रूगररँड १९६७ पासून निघतं, आणि औंसाचं सोन्याचं नाणं सामान्य माणसाने घ्यायचं हा प्रघात त्यानेच पाडला. लंडन किंवा दुबईत ती विकायला दोन मिनिटं लागतात. म्हापशात किंवा मडगावात मात्र सराफ तुम्हाला फक्त सोन्याचा भाव देईल, तोही थोडा कापून. आणि दुबईहून आणायचंच म्हणाल तर कस्टमचा नियम आधी समजून घ्या. वर्षाहून जास्त काळ परदेशी राहून येणाऱ्याला पुरुषाला २० आणि बाईला ४० ग्रॅमपर्यंत जी सवलत आहे ती दागिन्यांना आहे. नाण्यांना आणि बिस्किटांना ती एक ग्रॅमचीही नाही. लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करावं लागतं, शुल्क भरावं लागतं, आणि सवलतीचा शुल्कदर मुक्कामाच्या अटीत बसणाऱ्यालाच मिळतो. सोनं जप्त झालं तर ते सोडवण्यात जो काळ आणि पैसा जातो, त्यापुढे तिथल्या स्वस्त भावाचा फायदा काहीच नाही. बोटीवरच्या माणसाची नोकरीही त्यात पणाला लागते. मी तर आणू नका असंच सांगेन.

आता घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा. हजार-बाराशेला मिळणारा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. आधी नाण्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाण्याला शिवणाचा दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं हातात लोंबकळत धरा. तळाला किंवा काचेला लागू देऊ नका आणि नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटका. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. अस्सल गिन्नीला तो ०.४५ च्या आसपास येतो. १० ग्रॅमच्या चोख नाण्याला ०.५२. गिन्नीच्याच वजनाचं चांदीवर मुलामा दिलेलं नाणं असेल तर ०.७६ आणि पितळेचं असेल तर ०.९४. फरक इतका मोठा असतो की फसवणूक लगेच उघडी पडते. तुमच्या दोन सुट्या गिन्न्यांवर करून पाहा. कडीवालीवर नको, कडी आणि डाखामुळे आकडा हलतो.

या परीक्षेतून टंगस्टन सुटतो. त्याची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३२, पाण्याला फरक कळत नाही. सराफाकडचं कस दाखवणारं यंत्र, कॅरटमीटर, तेही फक्त वरचा थर वाचतं. पण टंगस्टन कठीण आणि ठिसूळ, त्यावर बारीक नक्षीचा ठसा उठत नाही, म्हणून तो मोठ्या बिस्किटांच्या पोटात सापडतो, पातळ नाण्यात नव्हे. छोटी नाणी घ्या म्हणतो त्यामागे हेही कारण आहे. गिन्नीची वेगळीच गंमत आहे. गेल्या शतकाच्या मध्याला लेबनॉनमध्ये नकली गिन्न्या पाडल्या गेल्या, त्यातल्या पुष्कळशा खऱ्या सोन्याच्या. सराफ त्यांना सोन्याचा भाव देतो, संग्राहक हात लावत नाही.

तुम्ही संग्रहाचं विचारलेलं नाही, पण गोव्यात राहून या विषयावर गप्प बसणं मला जमत नाही. सोन्याच्या नाण्यांचा इतका श्रीमंत इतिहास फार थोड्या प्रदेशांना आहे. गोव्याच्या कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर त्यांचा सिंह आहे आणि सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख करणारी नागरी अक्षरं आहेत. तोच देव आज नार्व्याला आहे, त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. १५१० मध्ये गोवा घेतल्याबरोबर पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्कने इथे टांकसाळ सुरू करून सोनं, चांदी, तांबं तिन्हींत नाणी पाडली. पुढे सेंट थॉमसच्या छापाची सोन्याची नाणी गोव्यात शतकानुशतकं निघत राहिली. पणजीत पोस्टाजवळ टांकसाळीची इमारत आहे, तिथून जाताना एकदा थांबून पाहा.

आणि घरातली पुतळ्यांची माळ. अस्सल पुतळी म्हणजे व्हेनिसचं डुकाट, १२८४ पासून १७९७ पर्यंत त्याच छापाचं, साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि जवळजवळ चोख सोन्याचं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि दोघांमध्ये ध्वजाची काठी, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा येशू. आपल्याकडच्या सोनारांनी त्याच्या नकला इतक्या पिढ्या केल्या की अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या आणि माणसांच्या आकृत्या बाहुल्यांसारख्या. बहुतेक माळांत या नकलाच असतात. पण एखाद्या माळेत पाच-सहा अस्सल डुकाटं निघतात, आणि ती माळ कुणी वजनावर मोडून टाकली की मला मनापासून वाईट वाटतं. जुनी माळ वितळवायला देण्याआधी एक-एक पुतळी भिंगाखाली पाहून घ्या, किंवा नाणी जाणणाऱ्याला दाखवा. उलट, कदंबांचं नाणं, शिवकालीन होन, पाया खणताना सापडलेला हंडा असं सांगत कुणी दारात आलं तर घेऊ नका. पहिलं नाणं खरं दाखवायचं आणि उरलेली पितळेची द्यायची, ही जुनी चाल आहे. आणि जमिनीत खरोखर धन सापडलं तर ते सरकारला कळवावं लागतं.

ठेवायचं कसं, तर आपल्या पावसाळ्यात चोख सोन्याला काही होत नाही, पण २२ कॅरटमधल्या तांब्यामुळे गिन्नीवर तांबूस ठिपके येतात. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, तिचा चिकट थर नाण्यावर बसतो. कडक प्लॅस्टिकची गोल डबी आणि सोबत सिलिका जेलची पुडी पुरे. लॉकर घ्या, मात्र चोरी, आग किंवा बँकेच्या माणसाने केलेली फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते हे लक्षात ठेवा. बाकीच्यासाठी वेगळा विमा. फक्त भावाचाच फायदा हवा असेल, हातात नाणं नको असेल, तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात युनिटच्या रूपात घेता येणारं सोनं, स्वस्त पडतो. त्यात घडणावळ नाही, युनिट घेताना जीएसटी नाही. तुम्हाला नाणी हवी आहेत हे प्रश्नावरून कळलं, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही.

कराचं मात्र ऐका, कारण गोव्यात ते वेगळं आहे. सध्याच्या नियमात नाणं २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर, महागाईची सूट नाही. त्याआधी विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळून त्या टप्प्याच्या दराने. सासूबाईंनी दिलेल्या गिन्न्यांना त्यांनी धरलेला काळही मोजला जातो, आणि त्या २००१ पूर्वीच्या असतील तर १ एप्रिल २००१ चा भाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो. तेव्हा १० ग्रॅमचा भाव साडेचार हजारांच्या आत होता. पोर्तुगीज नागरी कायदा लागू असलेल्या गोमंतकीय पती-पत्नीचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न आयकरात निम्मं-निम्मं विभागलं जातं. त्यामुळे नाणी विकून झालेला नफा तुमच्या आणि यजमानांच्या, दोघांच्याही विवरणात अर्धा-अर्धा दाखवायचा. बिल एकाच्या नावाचं आहे म्हणून एकानेच दाखवला की नोटीस येऊ शकते. गोव्यातच काम करणाऱ्या करसल्लागाराकडे जा, बाहेरच्या पुष्कळांना ही तरतूद ठाऊक नसते.

मालकीचंही तसंच. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर पाच लाखांत घेतलेली नाणी दोघांच्या सामाईक मालमत्तेत येतात, आणि पुढे वारसा ठरताना इन्व्हेंटरीच्या यादीत ती दाखवावी लागतात. सासूबाईंनी गिन्न्या फक्त तुम्हाला दिल्या की दोघांना, याबद्दल पुढे वाद नको असेल तर त्या हयात असतानाच नोटरीकडे जाऊन विचारा.

खरेदी चेकने किंवा बँकेतून करा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कोणताही विक्रेता कायद्याने घेऊ शकत नाही, आणि दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो. बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडून घेतलेलं नाणं विकताना अर्ध्या पेढ्या घेणार नाहीत, आम्हीही घेत नाही. बिलावर वजन, शुद्धता, कार्डाचा क्रमांक, सोन्याचा दर आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. १९६१ च्या डिसेंबरात इथल्या पोर्तुगीज बँकेने गोवेकरांचं तारण ठेवलेलं सोनं लिस्बनला नेलं आणि ते १९९१ मध्ये परत आलं. तोवर तारण ठेवणारे कितीतरी जण हयात नव्हते. म्हणून बिलांची फाइल, नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि लॉकरची माहिती तुमच्याखेरीज घरातल्या आणखी एकाला ठाऊक असू द्या. यजमान बोटीवर असतात, तेव्हा हे काम ते पुढच्या करारावर निघण्याआधीच उरका.